बर्फावरचा पहिला वर्ग : पालकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मुलांना पहिल्यांदाच स्की शिकायला पाठवणाऱ्या पालकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच काळजी आहे : पडलं आणि लागलं तर? काळजी रास्त आहे. पण नवशिक्यांचा उतार जेमतेम उतरता असतो, वेग चालण्याइतका असतो, आणि लहान मूल मुळात जमिनीपासून फार उंच नसतं. पहिल्या दिवशी मूल वर्गातून रडत बाहेर येतं ते बहुधा वेगळ्याच कारणांनी. बूट चावतो, बोटं गारठतात, किंवा शू लागलेली असते आणि इतक्या कपड्यांतून वाट कशी काढायची ते कळत नाही. ही दुखणी उताराशी पोचल्यावर निस्तरता येत नाहीत, त्यांची तयारी आदल्या दिवशीच व्हायला हवी. त्यातही बूट सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून ते उत्तर सगळ्यांत लांब आहे.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. स्की स्कूल तीन वर्षांपासून घेतात म्हणे. आत्ताच घालावं की थांबावं?

उत्तर : वयाच्या आकड्यापेक्षा चार गोष्टी बघा. शू-शी वेळेवर सांगतो का? तुम्ही समोर नसताना अनोळखी मोठ्या माणसाचं तासभर ऐकतो का? "त्या लाल शंकूपर्यंत ये आणि थांब" अशी दुहेरी सूचना पाळतो का? दोन्ही पाय जुळवून उडी मारता येते का, आणि जिना उतरताना एका पायरीवर एकच पाऊल टाकतो का? चारही उत्तरं हो असतील तर साडेतीनचं मूलही बर्फावर मजेत राहतं. मात्र वर्ग तासाभराचाच घ्या आणि त्याला बर्फाशी ओळख करून देणारा खेळ समजा. एखादं उत्तर नाही असेल तर वर्षभर थांबल्याने काही हातचं जात नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी तोल आणि लक्ष दोन्ही इतकं सुधारलेलं असतं की मुलं भराभर उचलतात.

पाच-सहा वर्षांच्या मुलालाही पहिल्या दिवशी अर्ध्या दिवसाचाच वर्ग पुरे. दुपारनंतर मांड्या थकतात, लक्ष उडतं, आणि सकाळी जमलेलं सगळं दुपारी बिघडल्यासारखं वाटतं. मुलाच्या मनात दिवसाची हीच शेवटची आठवण राहते.

प्रश्न : भाड्याने बूट घेताना लेकीच्या रोजच्या बुटाचा नंबर सांगितला, तर दुकानदाराने पायाचे सेंटिमीटर विचारले. ते माहीत नव्हते. मग जाड मोजे बसतील असे थोडे सैलच बूट घेतले. तरी तिचे पाय सतत गार पडतात आणि बूट चावतो म्हणते. आमचं काय चुकतंय?

उत्तर : माप चुकलंय आणि मोजेही. या दोन चुका जोडीनेच होतात.

स्कीच्या बुटाचं माप म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. या पद्धतीला मोंडोपॉइंट म्हणतात. पाय 19.5 सेंटिमीटर असेल तर बूट 19.5 चा. घरी मोजायला भिंतीला टेकवून जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला चिकटवून मुलीला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करा आणि सगळ्यांत लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण करा. बसवून मोजलं तर पाय तोकडा भरतो. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल त्याचं माप धरा, आणि शक्यतो संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो.

दुकानात आणखी एक तपासणी करा, ती या सगळ्यात खात्रीची. बुटाला दोन भाग असतात : बाहेरचं प्लॅस्टिकचं कवच आणि आतला मऊ बूट, म्हणजे लायनर. लायनर बाहेर काढा. मोजा घातलेला पाय नुसत्या कवचात घालायला सांगा आणि बोटं पुढच्या भिंतीला हलकेच टेकेपर्यंत पुढे सरकवा. आता टाचेमागे तुमचं बोट घाला. एक ते दीड बोट जागा असेल, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर, तर माप बरोबर. वाढत्या पायाला दोन बोटं, म्हणजे दोन सेंटिमीटरपर्यंत चालतात. त्यापेक्षा जास्त जागा असेल तर बूट परत द्या. अनेक कंपन्यांच्या बुटात पूर्ण आणि अर्ध्या मापाचं कवच एकच असतं, म्हणून अर्ध्या मापावरून फार वाद घालू नका, कवचात बोट घालून बघा.

मग लायनर परत बसवून बूट घालू द्या. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे पुढे वाकवले की टाच मागे बसते आणि बोटं सुटतात. असं झालं तर बूट बसला. ही खूण नेमक्या शब्दांत विचारा : "बोटं टेकतात? आता गुडघे वाकव. सुटली?" नुसतं "बरा आहे का?" विचाराल तर मुलं नवीन वस्तूच्या आनंदात हो म्हणून मोकळी होतात.

सैल बुटात पाय गार का पडतात, हे बऱ्याच पालकांना उलटं वाटतं. पाय आत हलतो म्हणून बकलं करकचून आवळली जातात. ती दाबतात पावलाच्या वरच्या बाजूला, जिथून बोटांकडे रक्त जातं. मूलही बूट पायात राहावा म्हणून बोटं आखडून धरतं. त्यात मोज्यांच्या दोन जोड्या असतील तर त्यांच्या सुरकुत्या टोचतात, घाम अडकतो, आणि ओला पाय कोरड्या पायापेक्षा कितीतरी लवकर गारठतो. शिवाय टाच उचलली जाते, नडगीचा दाब बुटाच्या जिभेवर पडत नाही, आणि स्की वळायला तयार होत नाही. प्रशिक्षक सांगतो तसं लेक करत असते, पण तिचं करणं स्कीपर्यंत पोचतच नाही.

म्हणून मोज्यांची एकच जोडी. पातळ किंवा मध्यम, गुडघ्यापर्यंत उंच, लोकरीची किंवा सिंथेटिक धाग्याची. सुती अजिबात नको, सूत घाम धरून ठेवतं. आणि बुटात मोज्याशिवाय काहीही जाता कामा नये. थर्मल पँटचा पाय बुटाच्या काठाच्या वर संपला पाहिजे, लांब असेल तर वर ओढून घ्या. तिची एक घडी जरी नडगीवर अडकली तरी तासाभरात लाल वळ उठतो आणि मूल लंगडायला लागतं. स्की पँटच्या आतल्या बाजूला इलास्टिकची एक झालर असते. ती बुटाच्या बाहेरून, वरून खाली ओढायची. अनेक जण ती बुटात कोंबतात.

बूट घालताना तो गार नसावा, कारण गार प्लॅस्टिक उघडतच नाही. रात्री गाडीत ठेवू नका, घरात घ्या. सगळी बकलं उघडा. जीभ पुढे आणि किंचित बाजूला ओढा, दोन्ही हातांनी कवच फाकवा. मुलीने तुमच्या खांद्याला धरून उभ्यानेच बोटं खाली करून पाय आत सारायचा. मग टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटायची. मधलं, घोट्याजवळचं बक्कल आधी हलकं लावा. गुडघे पुढे वाकवायला सांगा, म्हणजे टाच मागे बसेल, आणि तसंच वाकलेलं असताना वरचं बक्कल लावा. पंजावरची बकलं नुसती बंद होतील इतपतच. नडगी आणि लायनरच्या मध्ये तुमचं एक बोट जावं आणि आत पायाची बोटं हलावीत. दहा मिनिटांनी पुन्हा बघा. लायनर दबतो, त्यामुळे वरचं बक्कल बहुधा एक खाच पुढे घ्यावं लागतं.

बूट घेतानाच त्याचा ताठपणाही बघा. मुलगी गुडघे पुढे ढकलते तेव्हा बूट घोट्याशी थोडा वाकला पाहिजे. ठोकळ्यासारखा ताठ बूट हलक्या मुलाला मागे रेलायला लावतो, आणि ही सवय मोडायला नंतर फार कष्ट पडतात.

प्रश्न : नात्यातल्या मोठ्या मुलाच्या स्की, बूट आणि हेल्मेट मिळालं आहे. स्क्रू फिरवून बाइंडिंग आम्हीच जमवलं तर चालेल का?

उत्तर : नाही. एवढ्या एका बाबतीत आमचा हट्ट समजा.

बाइंडिंगची कामं दोन : बूट स्कीला धरून ठेवणं आणि वाकडा झटका बसला की सोडून देणं. ते किती जोर लागल्यावर सुटावं याचा आकडा वजन, उंची, वय, स्की करण्याची पातळी आणि बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी यांवरून ठरतो. त्याचे तक्ते असतात आणि दुकानातला तंत्रज्ञ त्यावरूनच स्क्रू फिरवतो. आकडा जास्त झाला तर पाय पिळवटतो, पण स्की सुटत नाही, आणि नडगीचं हाड मोडू शकतं. कमी झाला तर साध्या चालण्यातही स्की निघते. वीस किलोच्या आसपासच्या नवशिक्याचा आकडा साधारण एक-दीड असतो. मोठ्या मुलासाठी लावलेला आकडा याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो. त्यामुळे दुकानात वजन अंदाजाने सांगू नका. आदल्या दिवशी वजन, उंची आणि पायाची लांबी एका चिठ्ठीवर लिहून न्या.

दुसरी अडचण तळाची. लहान मुलांच्या बुटाचा तळ मोठ्यांच्या बुटापेक्षा वेगळ्या मापाचा असतो, आणि प्रत्येक बाइंडिंग दोन्ही प्रकार घेत नाही. बूट अडकला म्हणजे जुळला, असं नाही. फार जुनी बाइंडिंग तंत्रज्ञ हातातही घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. स्की आणि बूट दोन्ही दुकानात घेऊन जा, तपासून सेट करून घ्या, तंत्रज्ञ नको म्हणाला तर भाड्याने घ्या. इतक्या भराभर वाढणाऱ्या पायाला भाड्याचं सामानच सोयीचं.

पहिल्या दिवसाची स्की मुलाच्या छातीपासून हनुवटीपर्यंत उंच असावी, अगदी लहानांना छातीइतकीच. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून लांब घेतलेली स्की वळवायला जड जाते. हातातल्या काठ्या या वयात सुरुवातीला नकोतच. हात गुंततात, आणि पडताना टोचतात.

जुनं हेल्मेट घेऊ नका. त्याने आधी किती मार खाल्लाय हे बाहेरून दिसत नाही, आणि जोराचा एक आघात झाला की आतला फोम पुन्हा तसं काम करत नाही. कपडे मात्र खुशाल जुने वापरा. जॅकेटवर पाण्याचे चार थेंब टाका. घरंगळले तर ठीक, शोषले गेले तर पाणी रोखणारा स्प्रे मारून वाळवा.

प्रश्न : सायकलचं हेल्मेट चालेल का? मुलाला चष्माही आहे.

उत्तर : सायकलचं नको. स्कीच्या हेल्मेटची चाचणी वेगळी असते. आत ईएन 1077 किंवा एएसटीएम एफ 2040 यांपैकी एक खूण शोधा. शिवाय सायकलच्या हेल्मेटला कान उघडे राहतात आणि गॉगलचा पट्टा अडकवायला जागा नसते.

डोक्याचा घेर भुवयांच्या वर साधारण एक-दोन सेंटिमीटरवर टेप धरून मोजा. हेल्मेट घातल्यावर पट्टा न लावता मान हलवायला सांगा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली तर बसलं, हेल्मेट एकटंच फिरलं तर सैल. हनुवटीच्या पट्ट्याखाली एक बोट मावावं. आत लोकरीची टोपी घालू नका, तिने माप बिघडतं. थंडी फार असेल तर पातळ बालाक्लाव्हा, म्हणजे डोकं, कान आणि मान झाकणारी टोपी, चालतो. लांब केस असतील तर मानेपाशी खाली वेणी घाला. वर बांधलेला पोनीटेल हेल्मेटला पुढे ढकलतो.

गॉगल हेल्मेटबरोबरच घेऊन बघा. दोहोंमध्ये कपाळाची पट्टी उघडी राहिली तर तिथेच वारा झोंबतो. गॉगल फार उंच असेल तर हेल्मेट त्याला नाकावर दाबतं, आणि मग मूल तोंडाने श्वास घेत बसतं. चष्म्यावरून घालायचे गॉगल वेगळे मिळतात, त्यांच्या कडांना चष्म्याच्या दांड्यांसाठी खाचा असतात. काचेच्या गडदपणाला एस 0 ते एस 4 अशा श्रेणी आहेत. लख्ख उन्हाला एस 3, ढगाळ-उन्हाच्या मिश्र दिवसाला एस 2. एकच घ्यायचा तर एस 2. गॉगलची काच आतून कधीही पुसू नये, धुकं धरू नये म्हणून दिलेला थर निघून जातो. बर्फ गेला तर झटका आणि वाळू द्या.

प्रश्न : कपडे किती घालावेत? थंडी वाजेल म्हणून आजीने दोन स्वेटर जास्त दिले आहेत.

उत्तर : आजीची माया बॅगेत राहू द्या. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर फ्लीस किंवा पातळ लोकर, सगळ्यांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट-पँट. तीनच थर. मूल चढताना घामेजतं आणि रांगेत उभं असताना तोच घाम गार होतो. त्यामुळे आत सुती बनियनही नको. सगळं चढवल्यावर मुलाला उकिडवं बसायला आणि दोन्ही हात वर करायला सांगा. अडखळलं तर एक थर जास्त झाला.

हातांसाठी पाच बोटांचे ग्लव्ज नको, मिटन घ्या. चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात, आणि मुलाला स्वतःच्या हाताने घालता येतात. त्या पाणी न शिरणाऱ्या हव्यात. विणलेल्या लोकरीच्या मिटन पहिल्या दोन पडण्यांतच भिजतात. तुमच्या बॅगेत कोरड्या मिटनची दुसरी जोडी ठेवा. दिवस वाचवणारी वस्तू कुठली असं कुणी विचारलं तर आम्ही हीच सांगू. मफलर नको, तो उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टमध्ये अडकतो. गळ्यात घालायची कापडी नळी घ्या. जॅकेटच्या लोंबत्या दोऱ्याही आत खोचा.

शूचा प्रश्न इथेच सोडवा. खांद्यावर पट्टे असलेली पँट बर्फ आत येऊ देत नाही, पण शौचालयात ती उतरवायला जॅकेटही काढावं लागतं. ज्या मुलाला अजून मदत लागते त्याला कमरेशी इलास्टिक असलेली साधी पँट बरी. घरी एकदा सगळे कपडे घालून शौचालयापर्यंतची रंगीत तालीम करा आणि मूल कुठे अडतं ते बघा. वर्गाच्या दिवशी आधी शू, मग बूट. हा क्रम चुकवू नका.

प्रश्न : आमच्या घराजवळ बर्फ नाही. आधी काय करून घेता येईल?

उत्तर : खूप काही. बूट हातात असतील तर दोन संध्याकाळी पंधरा-पंधरा मिनिटं घालून घरात फिरू द्या. जिन्यावर नको. त्या बुटात घोटा वाकत नाही हे मुलाच्या शरीराला तिथेच कळू दे. अनेक मुलं पहिल्या दिवशी घाबरतात ती बर्फाला नाही, "माझा पाय हलत नाही" या जाणिवेला.

खेळ म्हणून एवढं करा : एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, खांब धरल्यासारखं आडवं आडवं चालणं, दोन्ही पायांनी उडी मारून गुडघे वाकवून न धडपडता थांबणं. ढकलगाडीसारखी एका पायाने मारायची स्कूटर असेल तर उत्तम, कारण पहिल्या वर्गात बहुतेक ठिकाणी आधी एकाच पायात स्की घालून दुसऱ्या पायाने नेमकं तसंच ढकलायला लावतात. आडवं चालणं म्हणजे उतार चढण्याची पद्धत.

दोन शब्द शिकवून ठेवा. स्कीची टोकं पुढे जवळ आणि मागे लांब म्हणजे पिझ्झाचा तुकडा : हा ब्रेक. दोन्ही स्की समांतर म्हणजे फ्रेंच फ्राइज : हे सरकणं. अनेक ठिकाणच्या बालवर्गांत हेच शब्द चालतात. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभं करा आणि "पिझ्झा!" म्हणताच टाचा बाहेर ढकलायला सांगा. गुडघे एकमेकांना चिकटू देऊ नका, ढकलायच्या टाचा. यापुढचं तंत्र प्रशिक्षकावर सोडा. घरची आणि वर्गातली सूचना निराळी असली की मूल गोंधळतं.

पडणं आणि उठणं मात्र गालिच्यावर जरूर घटवून घ्या. वेग वाढतोय असं वाटलं तर कुशीवर बसून घ्यायचं, मागे पाठीवर नाही. उठताना आधी दोन्ही पाय अंगाच्या एकाच बाजूला, उताराच्या खालच्या दिशेला आणायचे. स्की उताराला आडव्या, पायरीसारख्या ठेवायच्या. पाय अंगाखाली ओढायचे, वरच्या बाजूला हात टेकायचे आणि ढकलून उठायचं. स्की खालच्या दिशेला तोंड करून राहिल्या तर मूल उठता उठताच घसरतं आणि पुन्हा पडतं. असं चार वेळा झालं की ते उठायलाच नको म्हणतं.

बाइंडिंगचा खटकाही समजावून सांगा. बुटाच्या तळाला बर्फ चिकटलेला असेल तर तो बसत नाही, हे मुलांना ठाऊक नसतं आणि ती पाय आपटत राहतात. तळ खरवडायचा, आधी बोटांची बाजू अडकवायची, टाच बरोबर मधोमध आणायची, मग खाली दाबायचं. "खट्" आवाज आला पाहिजे. हलक्या मुलाचा जोर पुरत नाही, तेव्हा प्रशिक्षकाला हाक मारायला शिकवा.

प्रश्न : सोडून निघाले की मुलगी रडते. पहिल्या वर्गात जवळ थांबू का?

उत्तर : दिसेल असं थांबू नका. आईबाबा कुंपणाशी उभे दिसले की मूल प्रशिक्षकाकडे कमी आणि तुमच्याकडे जास्त बघतं, आणि प्रत्येक पडण्यानंतर मान तुमच्याकडे वळते. अर्धा तास आधी पोचा, घाईत घातलेला बूट हमखास चुकतो. प्रशिक्षकाचं नाव मुलीसमोर विचारून घ्या, तिला त्या नावाने बोलू द्या. "अकरा वाजता येते" असं लहानांना कळत नाही. "तू सरकत्या चटईवरून वर गेलीस, खाली आलीस, खाऊ खाल्लास की मी इथेच, या निळ्या खांबापाशी" असं सांगा. निरोप एकदाच, थोडक्यात घ्या. आणि दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी खांबापाशी हजर राहा. या वचनावरच उद्याचं सोडणं अवलंबून आहे.

जॅकेटच्या आतल्या खिशात तुमचा फोन नंबर, मुलीचं नाव आणि काही ॲलर्जी असेल तर ती लिहिलेली चिठ्ठी ठेवा. हेल्मेट, मिटन, गॉगल, सगळ्यावर नाव घाला. तीस मुलांत एकसारख्या मिटन सात-आठ जणांच्या असतात. सकाळी पूर्ण कपड्यांत एक फोटो काढून ठेवा. मूल नजरेआड झालं तर जॅकेटचा रंग आठवण्यात वेळ जात नाही. चघळायच्या गोळ्या आणि च्युइंग गम खिशात नकोत, पडताना घशात अडकू शकतात.

प्रश्न : बर्फात सनस्क्रीन खरंच लागतं का?

उत्तर : लागतं, ढगाळ दिवशीही. दर हजार मीटर चढलं की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे ऊन खालूनही लागतं. एसपीएफ 30 किंवा जास्त, निघण्यापूर्वी वीस मिनिटं, हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडांना, कानांच्या पाळ्यांना. ओठांना वेगळं. दोन तासांनी पुन्हा.

जागा 2500 मीटरच्या वर असेल तर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग ठेवू नका, एक दिवस नुसतं हिंडू द्या. डोकं दुखतंय, मळमळतंय, खायला नको, उगाच चिडचिड, अशी लक्षणं दिसली तर वर्ग रद्द करा. कमी होत नसतील तर खाली उतरा आणि डॉक्टरांना दाखवा. गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढरट, मेणासारखा डाग दिसला तर ताबडतोब आत न्या आणि तिथे उबदार तळहात ठेवून धरा. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका.

प्रश्न : एका वर्गात मुलाला काय येईल? संध्याकाळी आम्ही त्याला वरच्या उतारावर नेण्याचा विचार करतोय.

उत्तर : बूट घालून चालणं, एका स्कीवर ढकलत सरकणं, आडवं चढणं, सपाटीकडे संपणाऱ्या उतारावर सरळ घसरणं आणि पिझ्झा करून वेग कमी करणं. अनेक मुलं वळायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागतात. चढायला मॅजिक कार्पेट असतं, म्हणजे सरकत्या पट्ट्यासारखी लिफ्ट : स्की समांतर, पुढच्या मुलापासून अंतर, वर पोचलं की लगेच बाजूला. एवढं झालं तर दिवस भरून पावला.

वरच्या उताराचा विचार सोडा. तिथे पिझ्झाने वेग रोखला जात नाही. मूल घाबरून मागे रेलतं, मागे रेललं की स्कीच्या पुढच्या भागावरचा भार जातो आणि पकड सुटते. वेग आणखी वाढतो. सकाळी त्याला वाटलं होतं "मला थांबता येतं", तो विश्वास दहा मिनिटांत जातो. त्याच हलक्या उतारावर पुन्हा जा आणि त्याला तुम्हाला शिकवू द्या. कमरेला पट्टा बांधून मागून ओढून धरायची युक्तीही सुरुवातीला नको, मूल त्या पट्ट्यावरच रेलून उभं राहायला शिकतं.

आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे उतारावर वागण्याचे दहा नियम आहेत. त्यांतले दोन या वयाला पुरतात : तुझ्या पुढे, खाली असलेल्याला तूच चुकवायचं, आणि अरुंद जागी किंवा वळणाआड कधी थांबायचं नाही.

प्रश्न : दुसऱ्या दिवशी बूट ओलसर राहिले आणि मुलगी घालायलाच तयार होईना. रात्री काय करायचं?

उत्तर : खोलीत आल्याआल्या लायनर कवचातून काढा. मोठ्यांपेक्षा मुलांच्या बुटात पटकन निघतो : टाचेला धरून वर आणि पुढे ओढा. आतली तळव्याखालची पट्टीही बाहेर काढा. लायनरमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला, पहिले बोळे सगळ्यांत जास्त पाणी ओढतात. हीटरवर ठेवू नका. उष्णतेने फोम आकसतो आणि दुसऱ्या दिवशी तोच बूट नव्या जागी चावतो. हीटरपासून हातभर लांब, हवा खेळेल असं उभं ठेवा. मिटन उलटून बोटांची बाजू वर करून वाळवा, तिथेच ओल राहते.

सकाळी लायनर कवचात बसवताना टाच खाली टेकली आहे आणि जीभ सरळ आहे ना, हे आत हात घालून बघा. मुलीच्या दोन्ही नडग्या आणि घोटे आदल्या रात्रीच पाहून ठेवा. लाल वळ दहा-पंधरा मिनिटांत गेला तर काळजी नाही. सकाळपर्यंत राहिला किंवा कातडी सोलली असेल तर तो बूट पुन्हा घालू नका, वर्गाआधी दुकानात जाऊन बदलून घ्या.